वरच्या रानातलं वळण

"ताई, त्या वरच्या रानात वस्ती आहे का?"

अनघाने अजून हेल्मेटही काढलं नव्हतं. पुढ्यातलं पिठलं निवत चाललं होतं. दर रविवारी पुण्याकडचे हे सायकलवाले औंढ्यात रतनच्या अंगणात जेवायला थांबत, आणि अनघा एरवी सगळ्यांत आधी भाकरीवर तुटून पडायची.

"वस्ती कुटली आलीय तितं? हिरडं, जांभळं आन् कारवी," रतन म्हणाली. "का वो?"

"बाळ रडत होतं. अगदी लहान. थांबून थांबून."

"मोर आसंल. न्हाईतर रानमांजर. लेकरावानी वरडतं ते."

"माझं पोर अजून वर्षाचं व्हायचंय, ताई. मांजर कुठलं आणि बाळ कुठलं, मला कळतं."

"हिला घरची आठवण येतेय. सासूबाईंना फोन लावून द्या," कुणीतरी म्हणालं. बाकीचे हसले. अनघा हसली नाही.

"तिथे प्रत्येकालाच काहीतरी होतं," रुचिर म्हणाला. रुचिर तळेगावचा. खडी-मातीच्या वाटांवर चालणाऱ्या जाड टायरच्या सायकली, ही माणसं, हा रविवार, सगळं त्यानेच जमवलेलं. "त्या वळणाचीच काहीतरी भानगड आहे. हे बघा, वहिनी."

त्याने मोबाइल रतनसमोर धरला. हिरव्या नकाशावर एक लाल रेघ होती. भाजे गावातून निघून डोंगराच्या कडेकडेने रानात शिरणारी, आणि औंढ्यात उतरणारी.

"ही रेघ आपल्या निवृत्तीभाऊंची. उन्हाळ्यात त्यांच्या सायकलला मी ते काडेपेटीएवढं यंत्र बांधलं होतं, आठवतं? म्हटलं, तुम्ही रोज बंगल्यावर कामाला जाता तसेच जा. ते जिथून गेले तिथून रेघ उमटली. आता आम्ही सगळे तिच्यावरून जातो. जरा सोडली की आमच्या हँडलवरची यंत्रं ओरडतात. आता इथे बघा."

त्याने दोन बोटांनी नकाशा मोठा केला. एका जागी रेघ वाट सोडून झाडीत शिरत होती, आणि गळाच्या टोकासारखी वळून परत वाटेवर येत होती.

"वाट सरळ आहे. पण सरळ गेलं की यंत्र ओरडतं, म्हणून सगळे वळतात. आत काही नाही. एका जांभळाखाली चार दगड. तिथे पोचलं की यंत्र गप्प होतं, आणि आपणही. आज धुक्यात एकामागून एक सगळे आत गेलो, पाय टेकून उभे राहिलो, कुणी कुणाशी बोललं नाही, आणि परत फिरलो. का थांबलो, विचाराल तर सांगता येणार नाही."

"निवृत्तीभाऊंना तिथे लागली असणार," मागून आवाज आला.

अंगणभर हसू पसरलं. नवऱ्याची थट्टा ऐकून पदर तोंडाला लावून रतनही हसली.

"गेल्या वर्षी फ्रान्समध्ये अशीच डोंगरातली वाट केली आम्ही," रुचिर सांगत राहिला. "चेस्टनटची दाट जंगलं, तासन्‌तास माणूस दिसत नाही, पण प्रत्येक फाट्यावर लाकडी पाटी. मध्येच कुठेतरी जुना दगडी क्रूस उभा. कुणी उभा केला, कशासाठी, गावालासुद्धा ठाऊक नसतं. हलवत मात्र नाही कुणी. आपणही पाट्या लावू. पुढच्या रविवारी घेऊनच येतो. आणि हे वळण काढून टाकतो."

"काडून टाकता म्हंजी?"

"पुसायचं. एका बोटाचं काम आहे."

ताक वाढणारा रतनचा हात तसाच राहिला.

*

रतनची मुलगी बारशाच्या आधीच गेली. त्यामुळे तिला नाव नव्हतं. दात न आलेल्या लेकराला जाळत नाहीत, पुरतात, आणि जागा आईला दाखवत नाहीत. तशी रीतच होती. निवृत्ती आणि त्याचा चुलता भिकाजी पहाटे गाठोडं घेऊन गेले. रतनच्याच जुन्या लुगड्याचं गाठोडं. सासूने तिची छाती फडक्याने करकचून बांधली. तरी दूध येत राहिलं, फडकं भिजत राहिलं.

"कुटं ठिवली?" तिने विचारलं होतं.

"लांब," निवृत्ती म्हणाला होता. "इसर आता."

त्यानंतर कितीतरी पावसाळे गेले. दुसरं मूल झालं नाही. भिकाजी गेला, सासू गेली. रतन विसरली नाही, फक्त विचारायची थांबली. पण रानात, बांधावर, ओढ्याकाठी चार दगड एकत्र दिसले की ती त्यांना वळसा घालून जाई. साऱ्या मावळात कुठे पाय द्यावा आणि कुठे नाही, हे तिला ठाऊक नव्हतं. म्हणून ती सगळीकडेच जपून चालायची.

संध्याकाळी निवृत्ती बंगल्यावरून आला. पाय धूत असताना तिने विचारलं.

"अवो, वरच्या रानात वाट सोडून आत कशाला गेलतात?"

तांब्यातली धार थांबली.

"कवा?"

"ते डब्बं बांधलं व्हतं तवा. रेघ वळलीया म्हनं तितं."

"डब्बं बिगडलं आसंल," तो म्हणाला, आणि पाय धुतलेले असूनही पुन्हा धुऊ लागला.

*

सकाळी तो उठायच्या आत ती निघाली. धुकं एवढं होतं की पुढचं झाड जवळ गेल्यावरच झाड होत होतं. ओल्या मातीत टायरांचे ठसे स्पष्ट होते, एकात एक गुंतलेले, कातड्याच्या वेणीसारखे. ती त्यांच्या कडेकडेने चालत राहिली. रानात पाखरू बोलत नव्हतं.

मग वाट सरळ गेली आणि ठसे वळले.

ती तिथे थांबली. छातीत ठसठसलं. इतक्या वर्षांनी, पान्हा फुटावा तसं. तिने पदराखाली हात घातला. चोळी कोरडी होती.

कारवीतून आत गेल्यावर जांभूळ दिसलं. खाली चार दगड, शेवाळ धरलेले. भोवतीने टायरांचं कडं पडलं होतं, एवढ्या सगळ्या सायकलींचं. एकाही चाकाने आतल्या मातीला शिवलं नव्हतं. ती माणसं जागा ओळखत नव्हती, तरी वळसा घालून गेली होती.

रतन जांभळाच्या बुंध्याला टेकून बसली. हात मात्र पुढे गेला नाही.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग धुक्यातून टिकटिक आली. पायडल न मारता चाक फिरावं तशी. टिकटिक जवळ आली, कारवी हलली, आणि काळ्या सायकलीवर निवृत्ती दिसला. डोक्याला मफलर, हँडलला रात्रीच्या भाजीचा डबा. तो उतरला नाही. एक पाय टेकून उभा राहिला. बुंध्याआडची रतन त्याला दिसली नाही.

"आलो गं बाय," तो दगडांशी बोलला. "गारठा लय हाय आज. तुजी आई काल इचारत व्हती. म्या डब्ब्यावर ढकललं. आज न सांगताच कुटंतरी गेलीया."

"हितंच हाय मी," रतन म्हणाली.

सायकल आडवी झाली. डबा उघडून भाजी मातीत सांडली. निवृत्ती तिच्याकडे बघतच राहिला. ही रतनच आहे की दुसरं काही, हे त्याला ठरवता येईना.

"रोज येता?"

"व्हय."

"आन् मला लांब म्हनून सांगितलं."

"तुला ठावं आस्तं तर तू रोज आली आस्तीस."

"मंग?"

"घरी परत आली नस्तीस, रतन. तवा न्हाई."

तिला उलट बोलायचं होतं, पण ते खरं होतं. तो येऊन तिच्याशेजारी बसला. इतक्या वर्षांत या जागी तो पहिल्यांदाच सायकलीवरून उतरला होता. मग तिने हात पुढे केला आणि एका दगडावर ठेवला. दगड गार होता, बस, दगडासारखा.

"त्या अनघाताईंना रडू आयकू आलं म्हनं हितं," ती म्हणाली. "तुमी आयकलंय कदी?"

निवृत्तीने मान हलवली. "कदीच न्हाई. लय येळ थांबायचो सुरवातीला. तू?"

"न्हाई."

दोघं ऐकत बसून राहिली. जांभळावरून दव टपकत होतं.

*

रविवारी सकाळी, सगळे निघायच्या आधीच, रुचिर पाट्या घेऊन आला. रतनने त्याला ओसरीवरच गाठलं.

"दादा, ते वळण पुसू नगा."

"का हो, वहिनी? काही आहे का तिथे?"

"वाट तशीच हाय," ती म्हणाली. "आन् पाटी बी नको तितं."

रुचिरने तिच्याकडे पाहिलं, मग चुलीपाशी पाठमोऱ्या उभ्या निवृत्तीकडे. एक पाटी वेगळी काढून त्याने भिंतीला उलटी टेकवून ठेवली.

दुपारी सगळे चिखलाने माखून उतरले. ताटं मांडली. या खेपेला अनघा पुढे होती, हेल्मेट काढून, भाकरीचा तुकडा मोडत. रतन तिच्याजवळ ताक घेऊन वाकली.

"वळणावर थांबला व्हता का?"

"हो ताई. सगळेच थांबलो."

"आज आलं का काय आयकू?"

अनघाने आठवून पाहिलं. "नाही. आज काहीच नाही. एकदम शांत होतं."

"बरं," रतन म्हणाली. "निजली आसंल."

आणि ताकाच्या भांड्यावर तिने झाकण ठेवलं, आवाज होऊ न देता.