बेचाळीस टक्के

आधीच सांगते, मी काही साधीभोळी बाई नाही. मला कुणी फसवलं नाही, कुणी भरीस घातलं नाही. जे केलं ते दिवसाढवळ्या, शुक्रवारी पावणेपाच वाजता, शेजारी चहाचा कप ठेवून केलं.

मी संस्थेत अर्ज लिहिते. लहान मुलांच्या तब्येतीसाठी, वस्तीतल्या बायकांच्या तपासणीसाठी, जिथून म्हणून अनुदान मिळायची शक्यता असेल तिथे. छापखान्याच्या वर आमच्या दोन खोल्या. खाली यंत्र सुरू झालं की माझं टेबल थरथरतं आणि डॉक्टर ओरडतात, "झालं का हो?" संस्था त्यांची, दवाखाना त्यांचा, घाईही त्यांचीच. या धंद्यात पोराला पोर म्हणायची सोय नाही. पोर म्हणजे लाभार्थी, आई म्हणजे प्राथमिक काळजीवाहक आणि भूक म्हणजे पोषणविषयक तफावत. चार वर्षांत ही भाषा माझ्या इतकी अंगवळणी पडली की एकदा घरी मी आमच्या ह्यांना म्हणाले, "जेवणाची अंमलबजावणी कधी करायची?" ते आठवडाभर हसत होते.

ही नोकरी मला ताईंनी लावून दिली. ताई म्हणजे माझी नणंद, ह्यांची थोरली बहीण. संस्थेत नर्स. ह्यांचं काम सुटलं तेव्हा त्या एका सकाळी आल्या आणि म्हणाल्या, "घरात बसून भांडी काय आपटतेस? चल, तुझं अक्षर चांगलं आहे." नणंद-भावजयीचं काय असतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. आमचंही होतंच. माझ्या पोळ्यांच्या आकारावरून त्यांनी मला कमी छळलेलं नाही. पण वेळेला धावून आल्या त्या ताईच.

ताईंचं काम वजनाचं. दर बुधवारी वस्तीतल्या एका खोलीत टांगता काटा अडकवायचा, झोळीत पोर बसवायचं, आकडा वाचायचा, कार्डावर टिंब द्यायचं. उरलेले दिवस घरोघर. कुठल्या घरात काय शिजतं, कोण सकाळी पोराला नुसता चहा पाजून कामाला जाते, कुणाची सासू अंडं देऊ देत नाही, सगळं त्यांना पाठ. दोनशे चौदा पोरं होती आणि दोनशे चौदा घरांशी त्या वर्षभर भांडल्या. वही त्या भरायच्या आणि वर्षाअखेर टक्के मी काढायचे. "आकडेमोड माझ्या डोक्यात शिरत नाही, तू बघ," म्हणायच्या.

त्या वर्षी टक्के काढले आणि मीच खूश झाले. आदल्या वर्षी शंभरातली बेचाळीस पोरं कमी वजनाची होती. या वर्षी एकोणतीस. म्हणजे अठ्ठावीस पोरं ताईंनी अक्षरशः हाताला धरून वर काढली होती.

खुशी दोन तास टिकली. दुपारी मी नव्या अनुदानाची नियमावली उघडली. नियम चौथा: अर्ज करणाऱ्या वस्तीत कमी वजनाची मुलं किमान चाळीस टक्के असावीत.

डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. "म्हणजे सिस्टरनी काम नीट केलं म्हणून आपण नापास?"

"तसंच झालं."

"उंटावरून शेळ्या हाकतात लेकाचे." ते खिडकीशी जाऊन उभे राहिले. जुनं अनुदान दोन महिन्यांत संपत होतं. ते संपलं की वजनाची खोली बंद, औषधं बंद, ताईंचा पगार बंद. वळले आणि म्हणाले, "पाच वाजता मुदत संपते. बघा काही बसतंय का." आणि पेशंट बघायला दवाखान्यात निघून गेले.

आता 'बघा काही बसतंय का' याचा अर्थ काय घ्यायचा ते माझ्यावर होतं, आणि मी घेतला. आदल्या वर्षीचा तक्ता उघडला, उचलला, नव्या अर्जात चिकटवला. तारीख बदलली. बेचाळीस टक्के. अठ्ठावीस पोरं मी एका मिनिटात परत हडकुळी केली आणि अर्ज पाठवून दिला. हात थरथरले असं म्हणाले तर ते खोटं होईल. उलट घरी जाताना वाटलं, चला, ताईंची नोकरी वाचवली. उपकार फेडले की हो मी.

सहा आठवड्यांनी पत्र आलं. मंजूर! डॉक्टरांनी सगळ्यांना आत बोलावलं, ताईंनाही. पत्र मीच वाचत होते, मोठ्यानं, जरा मिरवतच. दुसऱ्या पानावर एक ओळ मला दोनदा वाचावी लागली.

त्यांच्याकडे आमचा आदल्या वर्षीचा अर्जही होता. तेव्हा नाकारलेला, पण फाईल ठेवलेली. गेल्या वर्षी बेचाळीस, या वर्षीही बेचाळीस. त्यावरून त्यांनी आता लिहिलं होतं की, 'वर्षभर घरभेटी आणि वजन-सल्ला देऊनही मुलांच्या स्थितीत काहीही सुधारणा झालेली नाही, म्हणून हा घटक बंद करून निधी पाकीटबंद पूरक आहाराच्या वाटपासाठी वापरावा.' नर्सचं पद महिनाअखेर रद्द.

आली का पंचाईत! मी दुसऱ्या वर्षाचा आकडा लपवला, पण पहिल्या वर्षाचा त्यांच्याच कपाटात आहे हे माझ्या डोक्यात आलं नाही. अर्ज लिहून लिहून केस पिकले आणि एवढं कळू नये मला!

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं नाही. म्हणजे त्यांना सगळं कळलं होतं. "बघू सिस्टर, काहीतरी मार्ग काढू," असं टेबलाकडे बघत म्हणाले.

ताई चिडतील, भांडतील असं वाटलं होतं. त्या भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसत्या म्हणाल्या, "बेचाळीस? एकसुद्धा कमी नाही?"

तेव्हा बोलायला हवं होतं. तोंड उघडलंसुद्धा. पण समोर डॉक्टर, हातात मंजुरीचं पत्र, आणि मी म्हणाले, "टक्के तेवढेच आले, ताई." एक खोटं कागदावर होतं, हे दुसरं मी त्यांच्या तोंडावर बोलले. तोंडावर बोललेलं जास्त लागतं. मला अजून लागतं.

रविवारी त्या आमच्या घरी आल्या, काटा पिशवीत घालून. ह्यांना म्हणाल्या, "दुकानातून पाच किलोचं वजन माग जरा." ह्यांनी आणलं. ताईंनी दाराच्या चौकटीला काटा अडकवला, झोळीत वजन ठेवलं आणि गुडघ्यावर बसून बघत राहिल्या. काटा बरोब्बर पाचावर. वजन काढलं, परत ठेवलं. पाच. चार वेळा केलं.

"बघ ताई, काटा ठणठणीत आहे," हे खूश होऊन म्हणाले. बिचाऱ्यांना काय माहीत.

"हो," ताई म्हणाल्या. "म्हणजे मीच."

"तूच काय?"

"पोर झोळीत हातपाय झाडतं. काटा स्थिर राहतच नाही. इकडून तिकडे हलत असतो, मधला आकडा आपण धरायचा असतो." त्या बोटानं हवेत काटा हलवून दाखवत होत्या. "मी वरचा धरत असणार. आई समोर आशेनं बघत असते रे. वर्षभर मी चढे आकडे लिहिले असणार. ही खरे टक्के काढते, म्हणून तिथे उघडं पडलं."

मी चहा गाळत होते. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना, मला वाटलं त्या माझ्याकडे बघून बोलताहेत. तसं नव्हतं. त्यांना माझा संशयसुद्धा आला नव्हता. ज्या बाईनं आयुष्यात पाव किलो इकडचा तिकडे केला नाही, ती माझ्या स्वयंपाकघराच्या दारात बसून स्वतःला लबाड ठरवत होती. चढी वजनं लिहिली असती तर टक्के उलट कमीच आले असते, हे साधं गणित त्यांना सुचलं नाही, कारण टक्के माझे होते आणि माझ्यावर त्यांचा विश्वास होता. मी त्यांना चहा दिला. साखर जास्त पडलीय म्हणाल्या.

पुढे आठ-नऊ दिवस मी काय केलं? काही नाही. रोज सकाळी ठरवायचे, आज सांगायचं. रोज संध्याकाळी स्वतःला समजवायचे, महिनाअखेर झाली की आपोआप मिटेल, ताईंना दुसरीकडे काम मिळेल, पोरांना पाकिटं मिळतील, कशाला उगीच. ताटातला भात तसाच राहायचा. "तब्येत बरी आहे ना?" हे विचारायचे आणि मी त्यांच्यावरच खेकसायचे.

मग मंगळवारी ताई ऑफिसात आल्या, वहीतलं फाडलेलं पान घेऊन. "डॉक्टरांना पत्र द्यायचं आहे. वर्षभराची वजनं माझ्याकडून चुकीची वाचली गेली, जबाबदारी माझी, असं. मला नीट मांडता येत नाही. तुला चांगलं लिहिता येतं. एवढं लिहून दे."

पान माझ्या हातात ठेवून त्या निघूनही गेल्या. मी बसले लिहायला. हो, बसले. एवढी निर्लज्ज आहे मी. 'माझ्या हातून घडलेल्या' इथपर्यंत लिहिलं आणि पुढे हात चालेना.

दुसऱ्या दिवशी बुधवार. मी वजनाच्या खोलीत गेले. बाहेर व्हरांड्यात बाकावर आया पोरांना घेऊन बसल्या होत्या. नेहमी तिथे बाजार भरल्यासारखा गलका असतो. त्या दिवशी कुणी बोलत नव्हतं. आत ताई एकट्याच कार्डं लावत होत्या. मी दार लोटून घेतलं आणि उभ्या उभ्या सांगून टाकलं. नियम चौथा, आदल्या वर्षीचा तक्ता, सगळं. "तुमचे आकडे बरोबर होते ताई. मीच खोटं लिहिलं."

त्यांनी हातातली कार्डं खाली ठेवली. "खरे किती?"

"एकोणतीस."

"परत सांग."

"एकोणतीस टक्के. अठ्ठावीस पोरं वर आली."

त्या खुर्चीत बसल्या. पदर तोंडाला लावला आणि पाठ हलायला लागली. रडताहेत की हसताहेत ते मला कळेना. मी जवळ गेले तर हातानंच लांब केलं.

"ताई, तुमच्यासाठीच केलं हो. तुमची नोकरी..."

"माझं नाव घेऊ नकोस त्यात." त्या शांतपणे म्हणाल्या. "मी स्वतःला लबाड म्हणत होते ते तू ऐकत होतीस. मी काटा तपासला तेव्हा चहा गाळत होतीस."

"चुकलं माझं."

"ते आहेच. पण तुला अजून माहीत नाही काय झालंय." त्यांनी डोळे पुसले. "गेल्या बुधवारी मी सगळ्यांना सांगितलं. तुमच्या पोरांची वजनं मी जास्त लिहिली असणार, ती वाढलेली नाहीत, जपा, जास्त भरवा. एकेकीला सांगितलं. काय चेहरे झाले त्यांचे."

हे मला खरंच माहीत नव्हतं.

"डॉक्टरांना आत्ता फोन करते," मी म्हणाले. "अनुदानवाल्यांनाही कळवते. अनुदान जाईल."

"जाईल. खोली बंद होईल आणि मीही घरी बसेन. ते नंतर. आधी बाहेर चल."

"ताई, त्यांना काय सांगू? अर्ज, टक्के, त्यांना काय कळणार..."

"पोराला पोर म्हणून सांग. कळेल."

त्यांनी दार उघडलं. व्हरांड्यात सगळ्यांनी वर पाहिलं. ताई म्हणाल्या, "हिचं ऐका जरा," आणि चौकटीला टेकून उभ्या राहिल्या. मला एक शब्दही मदत केली नाही.

मी सांगितलं. कसं सांगितलं देव जाणे. पैसे मिळावेत म्हणून मी कागदावर तुमची पोरं बारीक दाखवली. सिस्टरनी लिहिलेली वजनं खरी होती. पोरं वाढली आहेत. त्यांची काही चूक नाही, तुमचीही नाही. चूक माझी आहे.

मला वाटलं, आता शिव्यांची लाखोली वाहतील. मी तयार होते, मला त्या हव्याच होत्या. पण कडेला बसलेल्या एका बाईनं विचारलं. मांडीवर तीनेक वर्षांची मुलगी, आईच्या ओढणीशी खेळत होती.

"म्हणजे ही वाढली होती?"

ताईंनी तिचं कार्ड न बघताच सांगितलं, "दीड किलो. वर्षात."

"नक्की ना?"

"नक्की," मी म्हणाले.

ती बाई मुलीकडे बघत राहिली. मग माझ्याकडे न बघता, स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, "मी आठवडाभर हिला मारून जेवू घातलं हो. नाक दाबून. काल ओकली तर परत तेच भरवलं."

मुलगी ओढणीची गाठ सोडवत होती. आईनं हात वर केला, तिच्या केसांवरून फिरवायला असेल, तशी ती पोर पटकन मान आत घेऊन दोन्ही हात तोंडावर धरून बसली.

मी आत जायला वळले. ताईंनी दारातून हलायला नकार दिला.

"जायचं नाही," त्या म्हणाल्या. "अजून अकराजणी यायच्यात."