बोटं पुसू नको

गुंडूच्या कार्डाला बसाप्पानं उत्तर दिलं नव्हतं. कार्ड येऊन इतके हंगाम उलटले होते, की त्यावरची शाई विटून चहाच्या रंगाची झाली होती. देव्हाऱ्यातल्या बसवण्णाच्या तसबिरीमागं ते खोचलेलं असायचं आणि दर दसऱ्याला तसबीर पुसताना हाताला लागायचं. मजकूर थोडाच होता. 'अण्णा, बोटं बरी झाली. काळजी करू नको. पुढच्या हंगामाला येऊ का? तू म्हणशील तसं.'

'ये' लिहावं तर धाकट्याचा क्रिकेटचा खेळ पुन्हा बुडायचा. 'नको' लिहावं तर सख्ख्या भावाच्या तोंडावर दार लावल्यासारखं. या दोहोंमध्ये बसाप्पा गप्प राहिला, आणि पुढं गप्प राहणंच अंगवळणी पडलं.

हातकणंगल्याच्या अलीकडं माळाच्या कडेला त्याचं गुऱ्हाळ होतं. त्र्याऐंशीची दिवाळी झाली आणि थंडी अशी पडली, की सकाळी उसाच्या पाल्यानं हात कापला तरी रक्त यायला वेळ लागावा. चुलवाणात चिपाडं ढणाढणा जळत होती. काहिलीत रस उकळत होता. त्याच्या वासानं माळावरची कुत्रीसुद्धा जवळ येऊन बसली होती. तेवढ्यात गावचा एस.टी. ड्रायव्हर सयाजी सुट्टीचा म्हणून रस प्यायला आला. तांब्या तोंडाला लावायच्या आधीच बोलला, "बसाप्पा, तुझा गुंडू गाठ पडला की पुन्यात."

बसाप्पाच्या हातातलं फावडं थांबलं. "कसा हाय?"

"हाय की. मॅट अंथरतोय."

"म्हंजी?"

"म्हंजी काय म्हंजी! कंपनीच्या मैदानावर काथ्याची मॅट असत्या. सकाळी पसरायची, खिळं ठोकायचं, सांजचं गुंडाळून खांद्यावर टाकायची. पयलं त्या मॅटवर खेळायचा, आता तीच वाहतोय. कालची पोरं त्येला म्हनत्यात, ए गुंडू, पानी आन."

"आन् त्यो आनतोय?"

"आनतोय की! न आनून सांगतोय कुनाला? जूनात आपली मानसं इलायतेत कप जिंकली, मी गावात पेढं वाटलं. म्हटलं ह्यो तर नाचला आसंल. तर म्हनला, सयाजी, मी रेडिओच लावला न्हाई."

चिपाडांचा भारा टाकायला आलेली बसाप्पाची आई गंगव्वा तिथंच टेकली. थोरला पोरगा जवळ आणि धाकटा लांब, या दोन टोकांना ओढून म्हातारी वाकली होती. म्हणाली, "दोन घरचा पावना उपाशी. बॅटिंग बी करतो, बॉलिंग बी करतो, म्हनायचा. गुळाचा बी झाला न्हाई, चेंडूचा बी झाला न्हाई."

"अव्वा, गप."

"मी कशापायी गप? तू गप बसलायस तेवढं पुरं न्हाई व्हय?"

बसाप्पा फावडं फिरवायला लागला.

गुंडू दोन्ही अंगांनी खेळायचा. कबनूरच्या यंत्रमागवाल्यांच्या टीमनं त्याला पहिल्यांदा नेलं, ते त्याच्या चेंडूसाठी. वळणारा नव्हे, पण ठरल्या जागी पडणारा चेंडू. मग कळलं, की शेवटच्या षटकांत हा पोरगा बॅटही अशी फिरवतो, जशी कोयत्यानं ऊस तोडावा. मोजक्या षटकांच्या सामन्यात असा एक गडी म्हणजे दोन गडी. पुण्याच्या कंपनीनं त्याच हिशोबानं नोकरी दिली. आणि मग पस्तीस षटकांच्या निवडीच्या सामन्याला बोलावणं आलं, तेही कोल्हापुरात, राजारामपुरीच्या पलीकडच्या मैदानावर. तिथं चमकला असता तर पुढं राज्याची टोपी होती.

नेमका त्याच आठवड्यात बसाप्पाला थंडीताप आला. ऊस तोडून पडलेला, आंबायला लागलेला. भर हंगामात पाक जोखणारा दुसरा गुळव्या कुठला मिळायचा? बसाप्पानं सयाजीकरवीच निरोप धाडला. गुंडू त्याच गाडीनं आला. आल्या आल्या शर्ट काढला आणि काहिलीपाशी उभा राहिला.

पाक झाला का, हे गुळव्या बोटांनी बघतो. बोटं गार पाण्यात बुडवायची आणि ओली असतानाच फावड्यावरच्या उकळत्या पाकाला लावायची. पाणी तेवढ्या क्षणापुरतं कातडं सांभाळतं. गुंडूला हे लहानपणापासून येत होतं. पण हात आता बॉलरचा झाला होता. बोट ओलं झालं, की बॉलर ते पुसतो, नाहीतर चेंडू निसटतो. गुंडूनं बोटं पाण्यात बुडवली, सवयीनं खसकन विजारीला पुसली, आणि कोरडीच पाकाला लावली.

ओरडला नाही. घोंगडीखालून बसाप्पानं बघितलं, तर डाव्या हातानं उजवा हात धरून तो चुलवाणाकडं बघत उभा होता.

सामन्याला बसाप्पा तापातच गेला. हद्दीबाहेर घोंगडी पांघरून बसला. गुंडूच्या पट्टी बांधलेल्या बोटांतून चेंडू नुसता घरंगळत होता, आणि समोरचा गडी तो हवा तिथं झोडत होता. दुसरं षटक संपलं तेव्हा कप्तानानं चेंडू काढून घेतला. फलंदाजीला बॅट मुठीत फिरली, झेल उडाला. परतताना गुंडूला घोंगडी दिसली. तो जवळ आला. हातमोज्यातून रक्त ओघळत होतं. म्हणाला, "अण्णा, गूळ नीट वठला न्हवं?"

त्या प्रश्नालाही बसाप्पानं उत्तर दिलं नव्हतं. गूळ नीट वठला होता. तेच सांगायचं धाडस झालं नव्हतं.

पुढं बोटं बरी झाली, पण मधलं बोट आखडलं ते आखडलंच. आधी चेंडू गेला. नुसता फलंदाज म्हणून कंपनीनं काही सामने खेळवलं. मग दोन्ही अंगांनी खेळणारं दुसरं पोरगं मिळालं.

"आप्पा, पाक वर येतोय!" चुलवाणावरचा गडी ओरडला. बसाप्पानं बोटं भिजवली, पाक बघितला, पाण्यात गोळी वळली. "उतरा."

काहिल गूळ थंड करायच्या वाफ्यात रिती झाल्यावर सयाजी उठला. "उद्या माझी पुन्याचीच गाडी हाय. काय निरोप?"

"निरोप नको," बसाप्पा म्हणाला. "मागच्या खेपंला निरोपच धाडलता."

"मग?"

"लिवतो."

गंगव्वानं मान वर केली. गुळाचा खडा तोंडात टाकून ती उगाच वाफ्याकडं बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी बसाप्पा हातकणंगल्याला गेला. पोस्टात कार्ड घेतलं आणि स्टेशनाबाहेरच्या लिंबाखाली, गुडघ्यावर ठेवून लिहायला बसला. एवढी वर्षं मनात किती काय जुळवलं होतं. त्यातलं काहीच कामाला आलं नाही. शेवटी लिहिलं, 'गुंडू, ये. तवा गूळ नीट वठला होता. पाण्याचं भांडं काहिलीपाशी भरून ठेवलंय. या खेपेला बोटं पुसू नको.'

टपालपेटी उन्हानं तापली होती. त्यानं कार्ड फटीतून आत सरकवलं आणि हात फटीतच ठेवून उभा राहिला. मागं कार्ड टाकायला आलेला माणूस खोळंबला. "पावणं, टाकलं न्हवं? मग सरा की."

बसाप्पाला सांगता येईना. उभा जन्म उकळता पाक बघून बोटांची टोकं मेली होती. कार्ड सुटलं, का अजून आपणच धरलंय, हे त्यांना कळत नव्हतं. त्यानं हात बाहेर काढला आणि बोटं डोळ्यांसमोर धरून बघितली.

रिकामी होती.