पन्नास अंशांवरचा उंचवटा

घरात ती धाकटी सून होती आणि प्रयोगशाळेत वयाने सगळ्यांत लहान, त्यामुळे दोन्हीकडे तिला धाकटीच म्हणत. घरी आंघोळीला तिचा नंबर शेवटचा लागायचा आणि प्रयोगशाळेत यंत्रावर. आधी प्रमुखांचे नमुने, मग प्रमुखांच्या मर्जीतल्यांचे, आणि त्यातून वेळ उरला तर हिचे.

काम असं होतं. दुर्मिळ मृदा म्हणतात त्या गटातला एखादा धातू घ्यायचा, तो निकेल आणि सिलिकॉनबरोबर वितळवायचा आणि त्यातून निघालेला करडा, ठिसूळ खडा थंड करत करत निरपेक्ष शून्याच्या जवळ न्यायचा. अशा खड्यातल्या प्रत्येक अणूत एक इवलासा चुंबक असतो. उबेत ते चुंबक सैरभैर असतात, पुरेशा थंडीत कधीतरी शिस्तीत येतात. कुठल्या तापमानाला येतात आणि कसे उभे राहतात, एवढंच शोधायचं. त्यासाठी खडा प्लास्टिकच्या साध्या स्ट्रॉमध्ये अडकवून यंत्राच्या हवाबंद नळीत सोडतात. एवढ्या नाजूक यंत्रात दुकानातली स्ट्रॉ, हे मोठ्या जावेला अजूनही पटलेलं नव्हतं. धाकटी आपली थट्टा करते, असंच तिला वाटायचं.

एका खड्याच्या आलेखात, निरपेक्ष शून्यापासून मोजलेल्या पन्नास अंशांच्या आसपास, रेष अचानक वर गेली आणि खाली आली. स्पष्ट उंचवटा. तिथे तो असायचं काही कारण नव्हतं. धाकटीने तो शेजारच्या टेबलावरच्या ज्येष्ठ शास्त्रज्ञांना दाखवला. त्यांना सगळे बरोबरसर म्हणायचे, कारण समोर काहीही ठेवलं तरी ते चष्मा वर करून बघत आणि 'बरोबर' म्हणत. याही वेळी म्हणाले.

प्रमुखांपर्यंत उंचवटा पोचला तेव्हा संचालकपद नुकतंच रिकामं झालं होतं आणि प्रमुखांच्या नावावर बरीच वर्षं एकही शोध लागलेला नव्हता. त्यांनी आलेख उभा धरला, आडवा धरला आणि ही चुंबकीय शिस्तीची नवीच तऱ्हा आहे असं ठरवून टाकलं. मोजमाप पुन्हा करून बघू, असं धाकटीने सुचवलं. अवश्य करा, छापून आल्यावर करा, असं त्यांनी मोठ्या मनाने सांगितलं. निबंध छापून आला. धाकटीचं नाव त्यात होतं, लग्नाच्या फोटोत लांबच्या नातेवाइकांचे चेहरे असतात तसं, मागे कुठेतरी. पाठोपाठ पलीकडच्या शहरातल्या एका प्राध्यापकांनी आपल्यालाही अगदी हाच उंचवटा दिसला असं कळवलं, आणि मग आणखी दोघातिघांना दिसला. मागे राहायला कुणीच तयार नव्हतं.

घरी सासूबाईंना आनंद मावेना. त्या शाळेत गाणं शिकवून निवृत्त झाल्या होत्या आणि आवाज अजून खणखणीत होता. आमच्या धाकटीने उंचवटा शोधला, ही बातमी त्यांनी इमारतीच्या प्रत्येक मजल्यावर स्वतः नेऊन पोचवली. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंना तो रस्त्यावरचा वाटला. आपल्या गल्लीतला कधी काढणार, असं त्यांनी विचारून घेतलं.

प्रयोगशाळेत मात्र धाकटीला तो उंचवटा आता नको तिथे भेटायला लागला. वेगळा धातू घातलेल्या खड्यात तो होता. ज्या खड्यात चुंबक म्हणण्यासारखं काहीच नव्हतं त्यातही होता. नमुना बदलला तरी त्याला फरक पडत नव्हता, पण यंत्राची नळी घाईत बंद केली की तो चांगला गुबगुबीत व्हायचा. शेवटी तिने स्ट्रॉ रिकामीच आत सोडली. उंचवटा आला, आणि छापलेल्यापेक्षा देखणा आला.

मग तिने नळीचं झाकण उघडलं. आतल्या रबरी रिंगला बारीक चीर गेली होती. त्या चिरेतून हवा आत जात होती, हवेतला ऑक्सिजन थंडीने गोठत होता, आणि गोठलेला ऑक्सिजन स्वतःच चुंबकीय असतो. पन्नास अंशांच्या आसपास त्याची आतली मांडणी बदलते. हे पुस्तकात लिहिलेलं होतं. तिने ते वाचलंही होतं, परीक्षेपुरतं. नवी रिंग बसवल्यावर उंचवटा गेला तो गेलाच.

ती आलेख घेऊन प्रमुखांकडे गेली.

"हे काय आहे?"

"रिकामी स्ट्रॉ आहे, सर."

प्रमुखांनी आलेख पुन्हा आडवा धरला. "रिकामी म्हणजे किती रिकामी?"

"पूर्ण."

"आणखी कुणी पाहिलंय?"

"बरोबरसरांनी."

"ते काय म्हणाले?"

"बरोबर म्हणाले."

प्रमुखांनी खुर्ची मागे सारली आणि तिला समजावून सांगितलं, की एक प्रयोगशाळा चुकू शकते, पण इतक्या ठिकाणी इतक्या विद्वानांना एकच गोष्ट दिसते तेव्हा तिला काही मान द्यायचा असतो. एवढ्या सगळ्यांकडे एकच चूक कशी असेल, असं त्यांनी विचारलं.

"हवा सगळीकडेच असते, सर," धाकटी म्हणाली.

यावर प्रमुखांनी फक्त लेखी आदेश काढला, की छापलेल्या मोजमापांशी तुलना करता यावी म्हणून यंत्राला जुनीच रिंग बसवण्यात यावी. ती बसवली गेली. उंचवटा परत आला आणि विभागात सगळ्यांना हायसं वाटलं.

त्या संध्याकाळी सासूबाई वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होत्या. धाकटी त्यांच्यासमोर बसली, एक चादर ओढून घेतली आणि सगळं सांगून टाकलं. नवरा वर्तमानपत्राआडून ऐकत होता. त्याने एकदाच डोकं बाहेर काढून संचालकांची निवड होईपर्यंत थांबायला काय हरकत आहे, असं म्हणून पाहिलं. आईकडे नजर गेल्यावर ते पुन्हा आत घेतलं.

"मग तो उंचवटा कुणाचा?" सासूबाईंनी विचारलं.

"हवेचा."

"म्हणजे खोटा?"

"खोटा नाही, आई. खराच आहे. फक्त आमचा नाही."

सासूबाईंनी हातातली घडी पुरी केली. त्यांचा चेहरा उतरला होता. धाकटीला वाटलं, आता आपल्याला बोलणी बसणार. पण त्या उठल्या, चपला घातल्या आणि जिन्यात गेल्या. मजल्यामजल्यावर बेल वाजवून त्यांनी सांगितलं, की मागे मी जे सांगून गेले ते चुकीचं होतं, ती हवा होती. काही दारांत लोकांना मूळ बातमीच आठवत नव्हती. तिथे त्यांनी ती आधी सांगितली आणि मग मागे घेतली. या शोधाचं पहिलं जाहीर खंडन असं एका जिन्यात झालं. परत आल्यावर त्या पाणी प्यायल्या आणि धाकटीकडे न बघता म्हणाल्या, "माझं काम मी केलं."

धाकटीला त्यानंतर गप्प बसणं जमलं नाही. पुढच्या महिन्यात खास या उंचवट्यावर परिषद भरली. पलीकडच्या शहरातले प्राध्यापक आले होते, उंचवट्याची तीन वेगवेगळी सैद्धांतिक स्पष्टीकरणं आली होती, आणि तिन्ही एकमेकांना खोडून काढत आपापल्या जागी चोख बसत होती. धाकटीला जेवणानंतरची वेळ मिळाली होती, जेव्हा निम्मं सभागृह डोळे मिटून चिंतन करत असतं. तिने पहिला आलेख लावला आणि हा रिकाम्या स्ट्रॉचा आहे एवढंच सांगितलं. चिंतन थांबलं.

तिने नव्या रिंगचा आलेख लावला. रेष सपाट होती. मग पलीकडचे प्राध्यापक उठले आणि त्यांनी स्ट्रॉ कुठल्या प्लास्टिकची होती ते विचारलं. तिने सांगितलं. त्यांनी ते लिहून घेतलं आणि खाली बसले.

चहाच्या वेळी तिच्याजवळ कुणी आलं नाही. सगळे भिंतींकडे तोंड करून आपापल्या प्रयोगशाळेला फोन लावत होते आणि दबल्या आवाजात रबरी रिंगची चौकशी करत होते. समारोपाला प्रमुख बोलायला उभे राहिले. स्वतःच्याच शोधावर शंका घेणं हीच खरी विज्ञाननिष्ठा, आणि आपल्या विभागात आपण ती आवर्जून जोपासली आहे, असं ते म्हणाले. त्यांचा आवाज थोडा भरून आला होता. टाळ्या बऱ्याच वेळ वाजल्या. त्यात धाकटीच्याही होत्या, कारण हात नुसते मांडीवर ठेवून बसणं विचित्र दिसलं असतं.

प्रमुख संचालक झाले. कुठलाच निबंध मागे घेतला गेला नाही. फक्त पुढच्या निबंधांमधून, सुधारित परिस्थितीत पूर्वीचे वैशिष्ट्य आढळले नाही, असं एक वाक्य सगळ्यांनी घातलं. बरोबरसरांना विभाग मिळाला. पहिल्याच दिवशी त्यांनी धाकटीला बोलावून घेतलं आणि चष्मा पुसत म्हणाले, "मला तो उंचवटा पाहिल्याबरोबर हवेची शंका आली होती."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"तुम्ही विचारलं नव्हतं. नुसता दाखवलात." त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "माझ्या वेळी मीही एकदा असंच सांगायला गेलो होतो. त्यानंतर बरोबर म्हणायला लागलो."

धाकटीला त्यांचा राग यायला हवा होता, पण आला नाही. त्यांनी तिला सकाळची पहिली वेळ दिली, नवी रिंग लावून.

तिने तोच पहिला खडा पुन्हा आत सोडला. पन्नासवर काही झालं नाही, तीसवर नाही, वीसवरही नाही. नऊ अंशांच्या जवळ रेष हलकेच वळली. लक्ष नसतं तर निसटलीच असती. तिने चुंबकीय क्षेत्र बदलून पाहिलं, नळीतली हवा पुन्हा काढून पाहिलं, रिकामी स्ट्रॉ सोडून पाहिलं. वळण फक्त खड्यासोबत येत होतं. आतले चुंबक तिथे शिस्तीत यायला लागत होते, आणि एका रांगेत नाही, बहुतेक गोल जिन्याच्या पायऱ्यांसारखे, प्रत्येक जण आधीच्यापेक्षा थोडा वळून.

संचालकांच्या कचेरीतून फोन आला, वर्तमानपत्राला देण्याजोगं काही आहे का म्हणून. नाही, असं तिने सांगितलं. मग खुर्ची पुढे ओढली आणि नऊ अंशांच्या दोन्ही बाजूंना मोजण्या आणखी दाट करून घ्यायला लागली.