सळईने ऐकलेली नदी

माझी आत्या पाणीपुरवठा खात्यात गळती शोधायचं काम करते. रस्त्यात उभी राहून जमिनीला सळई टेकवायची, सळईच्या वरच्या टोकाला कान लावायचा आणि खाली पाइप फुटलाय की नाही ते सांगायचं. सळई बोटाएवढी जाड, तिच्या कानापर्यंत उंच, वर लाकडाची छोटी वाटी. बॅटरी नाही, काटा नाही, काही नाही. येणारेजाणारे बघत राहतात, बाईचं डोकं फिरलंय की काय म्हणून.

मी शाळा दहावीच्या मध्येच सोडली. त्याची लांबण लावत नाही. गणिताच्या बाईंनी डस्टर फेकून मारला, मी तोच उचलून परत मारला. पहिल्यांदा कुणी मारला हे आजपर्यंत कुणी विचारलेलं नाही. घरी बसल्यावर आईची आणि माझी रोज सकाळी जुंपायची. शेवटी आत्या बाबांना म्हणाली, "दादा, रविवारी ही भवानी माझ्याकडे दे. सहा दिवस तुम्ही सोसा, सातवा मी सोसते."

तशा आमच्या रविवारच्या फेऱ्या सुरू झाल्या.

आमच्या गावाला पाणी येतं बावीस किलोमीटरवरच्या तलावातून. एकच मोठी लाइन, लोखंडी, आत माणूस वाकून चालेल एवढी. आत्या कामावर असते ती गावातल्या गल्ल्यांमध्ये, जिथे त्या लाइनच्या बारीक बारीक फांद्या होतात. "तेवीस वर्षं मी शेपटीला कान लावतेय," ती म्हणाली, "एकदा जनावर पूर्ण बघू तरी दे." म्हणून आम्ही गावाकडून तलावाकडे निघालो. एका रविवारी दोन-तीन किलोमीटर, जास्त नाही. स्कूटर लावायची, डबा पाठीवर टाकायचा आणि लाइन धरून चालायचं. जिथे लाइन जमिनीत जाईल तिथे सळई टेकवायची.

मला वाटलं होतं, पाइप बघायला काय जायचं? पण खरं सांगते, माझी बोलती बंद झाली. सोळा वर्षं मी त्या गावात राहिले आणि माझ्या हिशेबी गाव बसस्टँडच्या मागे संपत होतं. तिथून पुढे काय काय होतं! दगडाची खाण, तिच्या तळाशी हिरवं पाणी आणि पाण्यात बुडालेला एक अख्खा ट्रक, छतासकट दिसणारा. जुनं पंपघर, आत माझ्या दुप्पट उंचीचं चाक, बंद पडून कित्येक वर्षं झालेली, तरी तेल पाजून चकचकीत ठेवलेलं. एका ठिकाणी लाइन चक्क दरीवरून जाते, खांबांवर, आणि भर दुपारी पाइपाला घाम सुटतो. खाली तेवढ्याच सावलीच्या पट्ट्यात शेळ्या एका रेषेत झोपलेल्या. मी पाइपावर हात ठेवला. थंडगार. आणि आत काहीतरी सरकत होतं, न थांबता, आमच्या घराकडे. आमच्या मोरीतल्या नळाकडे. अंगावर काटा आला.

"काय झालं गं?" आत्या म्हणाली.

"काही नाही."

"काही नाही म्हणे. तोंड मिटून घे, माशी जाईल."

तिच्या कानाचं मला चौथ्या की पाचव्या रविवारी कळलं. मागून ट्रक हॉर्न मारत आला आणि ती रस्त्याच्या मधून हललीच नाही. मी दंड धरून ओढली. मग मी लक्ष ठेवायला लागले. सळई ती आधी उजव्या कानाला लावायची, मग डाव्या, मग पुन्हा उजव्या. कोंबडीसारखी मान वाकडी करायची. आणि उत्तर द्यायच्या आधी ती ओल, माती, गवताचा रंग असलं सगळं बघून घ्यायची. ती ऐकत नव्हतीच. अंदाज बांधत होती.

डबा खाताना मी सरळ विचारलं, "आत्या, तुला ऐकू येत नाही ना?"

"काय?"

"बघ!"

ती हसली, मग हसू गेलं. म्हणाली, बोललेलं येतं, जवळून बोललं की. पण गळतीचा आवाज असतो बारीक, दात ओठावर ठेवून फुंकर मारल्यासारखा, तो सहा महिन्यांपासून गेला. सळई मुकी झाली. खात्यात कळलं तर तिला ऑफिसात टेबलावर बसवतील, अर्जांवर शिक्के मारायला. "चार भिंतींत, पंख्याखाली. मी मरेन गं तिथे. रस्त्यावर उभं राहून जमिनीखालचं सांगते मी, म्हणून माझी काहीतरी पत आहे." तिने माझा हात घट्ट धरला. "कुणाला बोललीस तर बघ. तुझ्या बापालाही नाही."

"मी कशाला बोलू?"

"तुझं तोंड म्हणजे तोटी नसलेला नळ आहे, म्हणून सांगतेय."

त्यानंतर सळई माझ्याकडे आली. फक्त रविवारी, फक्त आम्ही दोघी असताना. तिने शिकवलं: श्वास धर, डोळे मीट, आधी स्वतःच्या कानातला आवाज ओळखून बाजूला काढ. उरतं ते खालचं. चालू पाणी घुमतं. व्हॉल्व्ह अर्धवट उघडा असेल तर किरकिर येते. गळती फुसफुसते. मला शाळेत एक गोष्ट धड कळली नव्हती, पण हे लगेच कळलं. आत्या बघतच राहिली. मग म्हणाली, "हं." तिच्याकडून तेवढं म्हणजे खूप झालं.

आणि मग लाइनमधलं पाणी हरवायला लागलं.

लाइनवर ठिकठिकाणी चेंबर आहेत आणि प्रत्येकात मीटर. तलावाकडच्या डोंगराच्या पायथ्याशी नऊ आणि दहा नंबरच्या चेंबरमध्ये फरक यायला लागला. नऊमधून जेवढं निघायचं तेवढं दहाला पोचत नव्हतं. मधली लाइन जमिनीत पुरलेली, वर नुसता खडक आणि काटेरी झुडपं. नवीन साहेबांनी मशीन आणलं, कानाला हेडफोन लावून फिरायचं. मशीनने दहा नंबरच्या जवळची एक जागा दाखवली. आत्या मीटिंगमध्ये बोलून बसली की मशीनवर तिचा विश्वास नाही, सोमवारी सकाळपर्यंत ती स्वतः जागा दाखवेल. कान नसलेली बाई असं बोलली! संताप आला मला. पण तिचंही कळत होतं. तेवीस वर्षं लोक तिला विचारून खोदत होते.

म्हणून त्या रविवारी फिरणं नव्हतं. सकाळी साडेसहाला आम्ही नऊ नंबरवर होतो. पाच-पाच पावलांवर सळई. टेकव, श्वास धर, ऐक, उचल. दुपारपर्यंत माझा कान लाल झाला होता. आत्या मागून डब्यातलं अंडं भरवत होती, मी आईवर, साहेबांवर, डोंगरावर तोंडसुख घेत होते. मग एका सपाट खडकाच्या कडेला सळई टेकवली आणि हातातून सुटायचीच बाकी राहिली.

आवाज होता. असा आवाज मी आधी कधीच ऐकला नव्हता. खोल. लांबवर खूप माणसं एकदम बोलतायत आणि शब्द कळत नाहीत, तसा.

"आत्या, इथे! केवढं तरी पाणी जातंय इथे!"

तिने कान लावला, दोन्ही. चेहऱ्यावर काहीच नाही. "फुसफुसतंय का?"

मी सळई परत कानाला लावली. फुसफुसत नव्हतं. घुमत होतं. पण नुसत्या लाइनसारखंही नव्हतं. मला वाटलं, एवढी मोठी गळती असेल तर तिचा आवाजही मोठाच असणार. "हो," मी म्हटलं. "इथेच आहे."

तिने एकदा माझ्याकडे बघितलं आणि पिशवीतून लाल पेंटचा डबा काढला. खडकावर फुली मारली. तिच्या हाताची फुली म्हणजे तिची सही.

सोमवारी मी पण गेले. कुणी अडवलं नाही. मुकादम, त्याची सहा माणसं, साहेब. साहेब वयाने लहान, बूट नवे, बोलायला तसे वाईट नाहीत. कुदळी चालल्या, मग खडक फोडायचं यंत्र आलं. दोन वाजता पाइपाची पाठ दिसली. चारच्या सुमाराला पाइप दोन्ही बाजूंनी पूर्ण मोकळा झाला. कोरडा ठणठणीत. आजूबाजूची माती पण कोरडी.

माणसं फावड्यांवर रेलून आत्याकडे बघत होती. साहेब घड्याळाकडे बघून म्हणाले, "बाई, दिवस गेला की आपला. मशीन दोनशे मीटर पुढे दाखवत होतं."

आत्या म्हणाली, "माझी चूक झाली, साहेब."

तेवढ्यावर थांबलं असतं तर भागलं असतं. पण मुकादमाचा एक माणूस हसत म्हणाला, "बाईंचा कान म्हातारा झाला आता. घरी बसून नातवंडांची गाणी ऐका."

माझं डोकं सटकलं. "तिच्या कानाला काही बोलायचं नाही! जागा तिने नाही सांगितली, मी सांगितली! मी ऐकलं! तिला तर काही ऐकूच..."

आणि मग मी थांबले. पण सगळं बोलून झालं होतं.

साहेबांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग तिच्याकडे. हळू आवाजात, तोंड दुसरीकडे करून, म्हणाले, "बाई, रिपोर्टवर कुणाची सही घेऊ?"

तिला ऐकू गेलं नाही. ती तशीच उभी होती. सगळ्यांना कळलं.

मला वाटलं ती मला फाडून खाईल. ती माझ्याकडे वळलीच नाही. सळई उचलली आणि शिडीवरून खड्ड्यात उतरली. मुकादम म्हणाला, "अहो बाई, कशाला आता," पण तिने हात वर केला, थांबा म्हणून. पाइपाच्या खाली, तळाच्या खडकाला, एक चीर होती, हाताचा पंजा कसाबसा जाईल एवढी. तिच्या कडेची धूळ आपोआप वर उडत होती. वारा वरून येत नव्हता. खालून येत होता. आत्याने चिरेवर तळवा धरला, मग गाल. मग सळई चिरेच्या कडेला टेकवली आणि उजवा कान लावला.

किती वेळ गेला सांगता येणार नाही. तिचे खांदे एकदम खाली आले, ओझं टाकल्यासारखे.

"साहेब," ती वर न बघता म्हणाली, "यंत्र बंद करायला सांगा. सगळं बंद करा."

साहेबांनी का ऐकलं माहीत नाही. पण यंत्र बंद झालं, माणसं गप्प झाली.

"ही गळती नाही. पोरीने चूक केली, पण खोटं नाही सांगितलं. याच्याखाली नदी आहे."

मुकादम हसायला गेला आणि अर्ध्यात राहिला. साहेब नव्या बुटांनी शिडी उतरले. आत्याने सळई त्यांच्याकडे दिली. त्यांनी कान लावला आणि त्यांचं तोंड लहान पोरासारखं उघडं पडलं. मग मुकादम उतरला. मग तो हसणारा माणूस. एकेक जण खाली जात होता आणि वर येऊन पुन्हा चिरेकडे वळून बघत होता. एकाने चिरेतून खडा टाकला. आम्ही सगळ्यांनी मनात मोजलं. मी सातपर्यंत पोचले तेव्हा खालून 'डुबुक' आलं, इतकं लांबून की कुठल्या तरी दुसऱ्या दिवसातून आल्यासारखं. त्या डोंगरावरून लोक ये-जा करत होते, त्याच्या पायथ्यातून लाइन टाकली होती, नकाशे काढले होते, आणि खाली काळोखात एक नदी कुणाला न सांगता वाहत होती. केव्हापासून? कुठून कुठे? साहेबांनी नकाशा उघडला, बघितला आणि मिटला.

वर येऊन ते आत्याजवळ, अगदी समोर उभे राहिले, ओठ दिसतील असे. "बाई, हे मी वर कळवतो. गळतीसाठी उद्या मशीनने दाखवलेल्या जागी खोदू. पण ते दुसरंही मला लिहावं लागेल. उद्यापासून ऑफिसला या."

"लिहा," आत्या म्हणाली. "साहेब, बारीक आवाज गेलाय माझा. हा जाडा येतोय. सहा महिन्यांनी काहीतरी आलं. अंधार पडेपर्यंत मला खाली बसू द्या."

साहेब मान हलवून बाजूला झाले. माणसं हत्यारं गोळा करायला लागली, पण आवाज न करता.

मी खड्ड्याच्या काठावर उकिडवी बसले होते. "आत्या," मी म्हटलं, मग जोरात, "आत्या! मी मुद्दाम नाही..."

"राग आलाय मला तुझा. खूप आलाय. बरेच दिवस राहील, संपला की कळवेन." तिने सरकून भिंतीलगत जागा केली. "खाली ये आधी. मला नुसतं घुमणं ऐकू येतंय. त्यात बारीक काय काय आहे ते तू सांग."

मी उतरले. तिने सळईची वाटी माझ्या कानाकडे केली आणि माझा चेहरा बघत बसली. मी डोळे मिटले, श्वास धरला, स्वतःचा आवाज बाजूला काढला.

"थेंब पडतायत," मी म्हटलं. "उंचावरून. खूप ठिकाणी."

"पुढे?"

"पुढे कुठेतरी ती खाली उडी मारतेय."

"कुठल्या बाजूला?"

मी बोट दाखवलं. तिकडे तलाव नव्हता, गाव पण नव्हतं. तिकडे आम्ही दोघी कधी गेलो नव्हतो.