एक्केचाळीस बायांचे आवाज

लातूरच्या गंजगोलाईमागच्या एका बोळात अमरेशचं लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान आहे. हात गुणाचा. भिजलेले, जळालेले, पोरांनी आपटलेले लॅपटॉप घेऊन लोक उदगीर-निलंग्याहून त्याच्याकडं यायचे. अमरेशही मग छाती काढून सांगायचा, "डेटा गेला म्हणू नका, अमरेशकडं आणला न्हाई म्हणा!" असं बोलू नये माणसानं. पण बोलायचा, काय करता.

जूनमध्ये चाकूरचे ग्यानोबा मास्तर आणि त्यांची बायको सरजाबाई त्याच्याकडं आले. शाळेतून रिटायर झाल्यावर मास्तरांना एकच नाद लागला होता. छप्पन साली धम्म घेतला तेव्हा ज्या बाया पोरसवदा होत्या, त्यांना गावोगाव शोधून काढायचं, पुढ्यात रेकॉर्डर ठेवायचा आणि पोटभर बोलू द्यायचं. चाकूर, शिरूर अनंतपाळ, पार माहूरपर्यंत हिंडून त्यांनी सात वर्षांत एक्केचाळीस म्हाताऱ्यांचे आवाज जमवले. त्यातल्या चौतीस आता नव्हत्या, आणि त्या चौतिसांत एक सरजाबाईंची सख्खी माय होती. पेनड्राइव्ह हरवतात म्हणून मास्तरांनी सगळं एकाच लॅपटॉपात जपून ठेवलं. तोच लॅपटॉप, झाडताना सरजाबाईंच्या पायात वायर अडकून टेबलावरून खाली आला.

लॅपटॉपात डिस्का दोन. लहानीत विंडोज, मोठीत आवाज. लॅपटॉप मेला होता, पण मोठी डिस्क ठणठणीत होती. अमरेशनं बाहेर काढून आपल्या मशीनला लावली, तर एक्केचाळीसच्या एक्केचाळीस फाइली जागेवर! आता पडलेल्या डिस्कचा भरवसा नसतो, कधीही दगा देते. म्हणून आधी तिची जशीच्या तशी नक्कल कोऱ्या डिस्कवर उतरवायची, मग पुढचं काम. त्यासाठी दोन खाचांचा एक डबा मिळतो. मागच्या खाचेत भरलेली डिस्क घालायची, पुढच्या खाचेत कोरी, आणि बटण दाबायचं. दोन्ही डिस्का दिसायला सारख्या, म्हणून अमरेश भरलेल्या डिस्कवर न चुकता लाल पट्टी चिकटवायचा. त्या दिवशी पट्टीचा रोल संपला होता. स्टेशनरीचं दुकान वीस पावलांवर होतं हो! पण नाही. "मला काय कळत न्हाई व्हय, कुठली कुठली ते?" असं मनाशीच म्हणत त्यानं बटण दाबलं आणि घरी जेवायला गेला.

जेवून, घटकाभर पडून आला तेव्हा काम पूर्ण झाल्याचा हिरवा दिवा लागला होता. पुढची डिस्क लावून पाहिली, कोरी. मागची लावली, तीही कोरी. उलट्या घातल्या होत्या. कोरी डिस्क भरलेलीवर उतरली होती, आणि भरलेलीतलं सगळं पार धुऊन निघालं होतं.

चार दिवस त्यानं होती नव्हती ती सॉफ्टवेअर चालवली. ज्याच्याकडं हे काम शिकला, त्या नांदेडच्या दयानंदला फोन लावला. दयानंद म्हणाला, "वरून लिहून झालंय ना? सोड मग. कुणाचा बापबी काढू शकत न्हाई." पाचव्या दिवशी मास्तर आणि सरजाबाई दुकानात आले. अमरेश घरून खरं बोलायचं ठरवून आला होता, देवाशपथ आला होता. पण मास्तरांचं तोंड पाहिलं आणि जीभ आपली आपण वळली.

"पडल्यामुळं आतून गेलीय डिस्क, मास्तर. काईच निघालं न्हाई."

मास्तरांनी चष्मा काढून पुसला. सरजाबाई खाली बघत म्हणाल्या, "माझ्याच हातनं झालं." अमरेशनं तेही ऐकून घेतलं आणि डिस्क परत त्यांच्या हातात ठेवली.

तेव्हापासून त्याला अन्न गोड लागेना. रोज सकाळी पूजेला तळहातावर इष्टलिंग घेऊन बसायचा, तर नजर ठरायची नाही. बायको, शिवकन्या, विचारायची, "काय झालं हो तुम्हाला?" हा म्हणायचा, "पित्त वाढलंय." पित्ताच्या गोळ्या खाऊन कुठं खोटं पचतं? नाही पचलं.

तीन महिन्यांनी, भर दुपारी, सरजाबाई एकट्याच एसटीनं आल्या. पिशवीत ती डिस्क, टॉवेलात गुंडाळलेली. दुकानात दोन-तीन गिऱ्हाइकं होती. त्या कडेला उभ्या राहिल्या आणि हळूच म्हणाल्या, "दादा, पुण्या-मुंबईला धाडून निघतंय का बघ की यातलं."

"मास्तर काय म्हणाले?"

"त्यांला सांगितलंच न्हाई. ते बोलतच न्हाईत माझ्यासंगं. भांडले असते तर बरं वाटलं असतं. भाजी अळणी झाली तर तशीच खाऊन उठतेत. मीबी काय बोलू? त्यांची सात वरसं आन् माझी माय, दोन्ही मीच घालवले."

इथंच सांगायला हवं होतं. पण गिऱ्हाइकं ऐकत होती, आणि हा घाबरट म्हणाला, "बघतो, मावशी. ठेवून जा." त्या एका शब्दानं म्हातारीचं तोंड उजळलं. पदर सावरून, "लई उपकार होतील बाबा," म्हणत ती बस गाठायला गेली. अमरेशला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं. आधीच्या खोट्यावर आता आशेचं आणखी एक खोटं चढवलं होतं त्यानं.

रविवारी दुकान बंद ठेवून, डिस्क घेऊन तो मोटारसायकलनं चाकूरला गेला. मास्तर ओसरीवर पेपर वाचत होते. सरजाबाई दाराशी शेंगा फोडत बसल्या होत्या. त्याला बघून लगबगीनं उठल्या. "निघालं का रे?"

बसायच्या आधीच अमरेश बोलून मोकळा झाला. बसला असता तर पुन्हा जीभ वळली असती.

"मास्तर, डिस्क पडल्यानं गेली नव्हती. चांगली होती. मी उलटी घातलो डब्यात. मीच पुसलो सगळं. आन् वर खोटं बोललो."

मास्तरांच्या हातातला पेपर तसाच राहिला. ते उठून दोन शिव्या हासडतील, कॉलर धरतील, असं अमरेशला वाटत होतं, आणि खरं तर तेच त्याला हवं होतं. पण मास्तर त्याच्याकडं बघतच नव्हते. ते बायकोकडं बघत होते.

"सरजा," ते म्हणाले. तीन महिन्यांत पहिल्यांदा.

सरजाबाईंनी ओ दिली नाही. त्या अमरेशजवळ आल्या. "म्हंजे, माझ्या हातनं पडलं तवा माय होती त्यात?"

"होती."

"पडल्यावरबी?"

"पडल्यावरबी होती, मावशी. सगळ्याजणी होत्या."

त्या खांबाला धरून खाली बसल्या. शेंगा भरलेलं सूप कलंडलं, तिकडं कुणाचं लक्ष गेलं नाही.

"माय मेली तवा मी गावभर ऐकू जाईल असं रडले," त्या म्हणाल्या. "हे झालं तवा रडताबी आलं न्हाई. आपल्याच हातानं आईला घालवल्यावर कोणत्या तोंडानं रडावं रे माणसानं? तीन महिने कोरडी बसून राहिले मी."

आणि मग त्या रडल्या. माय, माय करत, जमिनीवर हात आपटत रडल्या. मास्तर जवळ गेले, खांद्यावर हात ठेवायला, तर त्यांनी तो हात झटकून टाकला.

अमरेशला ते बघवेना. तो मागं सरला, चपलेत पाय घातला.

"कुठं निघालास?" सरजाबाई ओरडल्या. "बस खाली! तुझ्यापायी अडलं होतं हे रडणं. आता समदं ऐकून जायचं."

अमरेशनं चपला काढल्या आणि खाली बसला.