कॉलरमागचा सव्वीस

शिंपिणीचा हात इतका साफ, की उसवून पुन्हा घातलेला टाका तिचा तिलाही ओळखू येऊ नये. आणि या साफ हाताने बाई गेली दोन वर्षं चक्क लबाडी करत होती! शाळेतून आलेल्या लेकीच्या तयार गणवेशातलं मोठ्या नंबरचं लेबल काढायचं आणि तिथे लहान नंबरचं टाचायचं; यंदा बत्तीसचं काढून सव्वीसचं. ठकी तिसरीत, वर्गातल्या बाकीच्या पोरी सव्वीसच्या. मग आपल्याच लेकराने मानेवर बत्तीस का वागवावा? नवरा रंगारी, तोंडाचा फटकळ. तो म्हणायचा, "तू लेबलं बदल, मी वजनकाट्यावरचे आकडे नव्याने रंगवतो. काम फत्ते!" ती त्याच्यावर कात्री उगारायची आणि विषय हसण्यावारी न्यायची.

घोळ झाला तो शाळेच्या नाटकात. ठकीला सेनापतीचं काम मिळालं. कपडे भाड्याने यायचे होते, म्हणून वर्गाच्या बाईंनी प्रत्येकाला नंबर विचारला. ठकीने मोठ्या ऐटीत सांगितलं, "सव्वीस!" सव्वीसचा कोट आला आणि तिच्या दंडातच अडकला. वर सरकेना, खाली येईना. दोघी बाईंनी मिळून ओढून काढला, तोवर सगळा वर्ग खिदळत होता.

ठकीने घरी यातलं चकार शब्दानेही सांगितलं नाही. काही दिवसांनी शाळेतूनच फोन आला. पोरगी कवायतीत चक्कर येऊन पडली, आणि डबा म्हणे रोज मैत्रिणीला देऊन टाकते. अर्धी शिवलेली बाही मशीनखाली तशीच सोडून शिंपीण धावत सुटली.

शाळेजवळच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी ठकीला तपासलं, वजन केलं, थोडं खायला घातलं आणि बाहेरच्या बाकावर बसवलं. मग आईला विचारलं, "ही पोटात असताना तुम्हाला शुगर होती का?"

होती ना. सहाव्या महिन्यात निघाली होती. ठकी जन्मली ती सव्वाचार किलोची, आणि जो तो म्हणाला, काय गुटगुटीत बाळ! बाळंतपणानंतर शुगर उतरली, तशी शिंपिणीच्या डोक्यातूनही ती गेली.

"आईची साखर वाढली की पोटातल्या बाळालाही जास्त पोचते," डॉक्टरीण म्हणाल्या. "अशा मुलांचं वजन पुढे वाढायचा धोका जरा जास्त असतो. सगळ्यांचंच वाढतं असं नाही, आणि त्याला बाकीचीही कारणं असतात. पण लक्ष ठेवावं लागतं. उपाशी ठेवून नाही हं, नीट खाऊन आणि खेळून. तुमचीही साखर आता तपासू. हिचं वजन कधीपासून वाढतंय?"

दर वर्षी शाळा सुरू होताना शिंपिणीनेच तर टेप लावला होता. आकडा सगळ्यांत आधी तिला कळत होता, आणि तो लपवायचा कसा एवढंच तिने पाहिलं होतं. तिला स्वतःचा असा संताप आला, की रडूच फुटलं.

डोळे पुसून ती बाहेर लेकीजवळ येऊन बसली. "डबा का देऊन टाकतेस गं?"

"मी फुगतेय ना," ठकी हळूच म्हणाली. "मी सव्वीसची होते. एकदम फुगले. अजून फुगले तर दारातून पण जाणार नाही."

बाई गं! म्हणजे पोर उपाशी राहत होती ती आईने घातलेल्या टाक्यापायी. आता आणखी लपवण्यात अर्थ नव्हता.

"तू एकदम फुगली नाहीस, बाळा. यंदा शाळा सुरू झाली तेव्हापासूनच तू बत्तीसची आहेस. लेबल मी बदलत होते."

"खोटं?"

"हो, खोटं. तुला कोणी चिडवू नये म्हणून. चुकलंच माझं." मग तिने पोटातल्या साखरेचं सगळं सांगितलं, जमेल तेवढं सोपं करून. "तू माझ्या पोटात होतीस ना, तेव्हापासूनचं आहे हे थोडंफार. आता आपण दोघी मिळून बघू काय करायचं ते. पण डबा खायचा."

ठकीने पाय हलवत विचारलं, "म्हणजे मी हावरट नाही?"

"कोण म्हणतं तुला हावरट? नाव सांग, बघतेच त्याच्याकडे!"

"कोणी नाही," ठकी म्हणाली. "मीच म्हणते मला."