झारीच्या बुडाखाली

मित्रांनो, मी एक जुनी पत्र्याची झारी आहे. माझं नाक वाकडं झालंय, कुशीला पोचा आलाय. घरामागच्या छोट्या रोपवाटिकेत दोघी बहिणी मला वापरतात. थोरली भारी शिस्तीची, वाफ्यात काडी आडवी पडलेली तिला खपत नाही. धाकटी कामात ढिली, पण नजरेची तिखट.

माझा जन्म पाणी देण्यात गेला, त्यामुळे माती मी जवळून पाहिली आहे. वाफ्यात गांडुळं होती तोवर मी ओतलेलं पाणी झटकन मुरायचं. ती गळलेली पानं बिळात ओढून नेत, आतल्या आत वाटा पाडत आणि वर मऊ मातीच्या गोळ्या टाकत. शेडच्या दारावरच्या फटीत साळुंकीचं घरटं होतं. ती वाफ्यातलं एखादं गांडूळ उचलून पिल्लांना भरवायची. थोरलीचा त्या पिल्लांवर फार जीव. त्यांच्यासाठी ती शेडचं दारसुद्धा हलक्या हाताने लावायची.

पण त्या वर्षी कोबीची कोवळी रोपं रातोरात कुरतडली जाऊ लागली. एका सकाळी पडलेल्या रोपाचं पान गांडुळाच्या बिळात अर्धं गेलेलं थोरलीने पाहिलं.

"सापडले चोर!" ती म्हणाली. "ही गांडुळंच रोपं पाडतायत."

"अगं ताई, त्यांना दात तरी असतात का?" धाकटी हसली.

"मग पान काय चालत गेलं बिळात? उगाच शहाणपण शिकवू नकोस."

मला धडकीच भरली. कारण खरे चोर माझ्याच बुडाखाली होते. गोगलगायी रात्रभर रोपांवर ताव मारायच्या आणि दिवसा माझ्या ओल्या बुडाला चिकटून झोपायच्या. लोक झारीतल्या शुक्राचार्याला नावं ठेवतात, माझे तर झारीखाली बसले होते! पण मला विचारतो कोण? धाकटी घरात गेली तशी थोरलीने मला उचललं आणि माझ्यात किडीचं औषध कालवलं. माझं बूड काही तिने बघितलं नाही. त्याचा वास भारी उग्र होता. आता हे सगळं माझ्याच नाकातून जाणार होतं.

पहिल्या वाफ्यावर औषध पडलं. थोड्याच वेळात गांडुळं तडफडत वर आली. थोरली समाधानाने बघत होती. एवढ्यात साळुंकी खाली उतरली, समोरचं गांडूळ तिने टिपलं आणि भुर्रकन उडाली.

थोरलीचा चेहरा पांढराफटक पडला.

"अगं नको! टाक ते! टाक!"

तिच्या हातून मी फरशीवर आपटले आणि उरलेलं औषध सांडलं. साळुंकी घाबरून छपरावर बसली, गांडूळ चोचीतच. धाकटी धावत बाहेर आली. आडव्या पडलेल्या माझ्या बुडाकडे तिचं लक्ष गेलं.

"ताई, हे बघ तुझे चोर."

थोरलीने गोगलगायींकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा मान वर केली. आता ओरडलं तर साळुंकी घाबरून थेट घरट्यात शिरली असती. दोघी छपराकडे बघत उभ्या राहिल्या. साळुंकीने इकडेतिकडे बघितलं आणि ती फटीत शिरली.

साळुंकीने आणखी गांडुळं टिपू नयेत म्हणून मग दोघींनी वाफ्यावर गोणपाट अंथरलं, कडेची गांडुळं वेचून डब्यात भरली. थोरली पुन्हापुन्हा दाराखाली जाऊन कान देत होती. आतली चिवचिव थांबली की तिचे हात थांबायचे.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाराच्या उंबऱ्यापाशी एक पिल्लू गार पडलेलं होतं. वर बाकीची भुकेने ओरडत होती. थोरली तिथेच खाली बसली आणि लहान मुलीसारखी रडली.

त्या वाफ्यात अजूनही पाणी नीट मुरत नाही, साचून राहतं. माझ्यात आता फक्त पाणी असतं. तरी थोरली आधी माझा वास घेते, बूड तपासते आणि मग दाराच्या वर बघते. मित्रांनो, मातीत काहीही ओतण्याआधी तुम्हीही एकदा वर बघा. तिथे कुणीतरी चोच उघडून बसलेलं असतं.